रिकामी असल्याची खात्री

बंदुकीच्या नळीवर कारखान्याचे नाव नव्हते. होते ते एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे, आणि त्या दुकानाने बंदुका विकणे मी कॅनडात येण्याच्या कितीतरी आधी बंद केले होते. एके काळी तिथे कपडे धुण्याची यंत्रे, मुलांचे बूट आणि हरणाच्या शिकारीच्या रायफली एकाच छताखाली मिळत. दुकान एका नामांकित कारखान्याकडून त्याचीच प्रसिद्ध रायफल बनवून घेई, दस्त्याला जरा साधे लाकूड लावी, नळीवर स्वतःचे नाव कोरी आणि ती स्वस्तात विकी. चापाभोवतीची लोखंडी कडी, म्हणजे लिव्हर, खाली ओढून वर आणली की जुने काडतूस बाहेर पडते आणि नवे आत जाते. शाळेच्या पुस्तकातली साधी तरफ. यंत्रणा तीच, पोलादही तेच. नळीच्या बुडाशी एक बारीक क्रमांक असे, त्यावरून मूळ नमुना कोणता हे ताडून पाहता येई. मी ते ताडून पाहिले होते. कोणतीही गोष्ट घेण्याआधी तिच्याविषयी मिळेल तेवढे वाचून काढायचे, ही माझी सवय आहे.

बंदूक मला का हवी होती, हे आधी सांगायला हवे. मी हॅमिल्टनच्या विद्यापीठात पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते. त्याआधीची मास्टर्सची दोन वर्षेही तिथेच गेली होती. उत्तर ऑन्टारिओतल्या तळ्यांच्या तळाचा गाळ उभ्या नळ्यांत भरून आणायचा आणि त्याच्या थरांतले जड धातू मोजायचे, हे माझे काम. तो मुलूख काळ्या अस्वलांचा. तिथे तंबू ठोकायचे तर प्रत्येक मुक्कामाच्या तळावर एक बंदूक आणि ती वापरण्याचा परवाना असलेली एक व्यक्ती हवी, असा आमच्या विभागाचा नियम होता. विभागाकडे बंदूक एकच होती आणि ती माझ्या एका सहकाऱ्याच्या ताब्यात असे. परिणामी दोन उन्हाळे मी माझ्या प्रश्नाला योग्य अशी तळी न निवडता त्याच्या तंबूपासून चालत जाता येईल अशी तळी निवडली. मला हवे असलेले तळे आणखी वर होते. माझ्या मार्गदर्शकांपुढे मी हे मांडले, तेव्हा त्यांनी चष्मा न काढता एवढेच सांगितले की परवाना आणि बंदूक तुझी असेल, तर तळही तुझा वेगळा.

मी सुरक्षिततेचा वर्ग केला. बावीस जणांत बायका दोघीच होतो. लेखी आणि हातांनी करून दाखवायची, अशा दोन्ही परीक्षा दिल्या. परवान्याच्या अर्जावर मला तीन वर्षांहून अधिक काळ ओळखणाऱ्या दोन माणसांच्या सह्या लागत होत्या. परक्या देशात तीन वर्षे हा मोठा काळ असतो आणि तेवढ्या जुन्या ओळखी फार नसतात. त्यांतली एक सही काकांची होती.

काका म्हणजे नात्याने माझे कुणी नव्हते. मराठी मंडळाच्या गणपतीत, मी आले त्याच वर्षी, त्यांनी माझा विषय विचारला आणि पुढचा तासभर प्रसादाची रांग अडवून ते पोलादाविषयी बोलत राहिले. ते तरुणपणी नागपूरहून इथे आले आणि निवृत्तीपर्यंत पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. नमुन्यांचे तुकडे ताणून, तोडून, घासून त्यांच्यातले दोष शोधणे हा त्यांचा उद्योग. त्यांची शिकवण एकाच वाक्याची होती, आणि माझ्या प्रबंधाचा प्रत्येक तक्ता त्या वाक्याखालून गेला आहे: जे डोळ्यांनी पाहिलं ते लिही, पाहिलं असेल असं वाटतंय, तिथे माहीत नाही असं लिही.

बंदूकही त्यांचीच. प्रयोगशाळेतले सगळे लोक नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला रजा टाकत आणि सोमवारी परत आल्यावर महिनाभर त्यावरच बोलत. जेवणाच्या सुटीत एकटे पडू नये म्हणून काकांनी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ही दुकानाच्या नावाची रायफल घेतली. ज्या दिवशी घरी वॉशिंग मशीन आले, त्याच दिवशी, त्याच पावतीवर.

"इतक्या वर्षांत एका झाडाला गोळी मारली ह्यांनी," काकू सांगत.

"हरणाच्या मागचं झाड होतं ते."

"झाडही वाळलेलंच होतं, असं तुमचे मित्रच सांगत होते."

त्या घरात अंडेही येत नसे. तरी काका दरवर्षी नोव्हेंबरात बरोबर जात, तंबूत भात लावत आणि हरिण दुसऱ्याने मारले की पाय धरून ओढायला मदत करत. या गोष्टीची त्यांना लाज नव्हती आणि अभिमानही नव्हता. हे सगळे त्या देशात राहण्याच्या कामाचा एक भाग होते.

माझा परवाना आल्यावर मी कोणती बंदूक घ्यावी हे विचारायला त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी आपलीच देतो असे म्हटले नाही. नवी घेऊ नको, जुन्या पोलादात खोटेपणा कमी असतो, एवढे सांगून ते थांबले. मग दोन आठवड्यांनी, एप्रिलमध्ये, काकूंचा फोन आला. त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"तुला बंदूक हवी आहे ना? मग आमची ने."

"काका देतील?"

"मी द्या म्हटलं तर देणार नाहीत. तूच माग. परीक्षा घेतो म्हणतील, घेऊ दे." मग त्या म्हणाल्या, "परवा हे गाडी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये ठेवून चालत घरी आले. गाडी चोरीला गेली म्हणून पोलिसांना फोन लावत होते. गेल्या महिन्यात गॅस दोनदा चालू राहिला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी मुलाला सांगितलंय, ह्यांना निम्मंच सांगितलंय. हे सगळं मी निभावेन गं. पण ती खाली बेसमेंटमध्ये आहे तोवर मला झोप लागत नाही."

"किल्ली तुम्ही ठेवून घ्या ना."

"किल्ली जानव्याला आहे."

त्यांनी शेवटी सांगितले ते असे: "आपण होऊन दिली, असं त्यांना वाटलं पाहिजे. मी सांगितलंय म्हणू नकोस."

मी लगेच फोन करून काकांकडे बंदूक मागितली. त्यांनी किंमत सांगितली, ती वाजवी होती, आणि शुक्रवारी सकाळी परवाना घेऊन ये म्हणाले. बंदुकांच्या नोंदणीचे कार्यालय शनिवारी बंद असते, हे त्यांना व्यवस्थित आठवत होते. माझ्या मनात आले की काकू फार घाबरल्या असाव्यात.

शुक्रवारी काकांनी मला खाली नेले. बेसमेंटच्या एका भिंतीला वॉशिंग मशीन होते, दुसऱ्या भिंतीशी नातवंडांचा खेळण्यांचा खोका आणि त्यांच्या मापाचे एक पिवळे टेबल. कोपऱ्यात लोखंडी कपाट. काकांनी सदऱ्याच्या गळ्यातून जानवे बाहेर ओढले आणि किल्ली न सोडताच, कपाटाला जवळजवळ मिठी मारल्यासारखे उभे राहून कुलूप उघडले. रायफल जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. तेलाचा वास आला. दस्त्याच्या वर, पोलादाच्या निळसर काळ्या भागावर, कुंकवाचे सुकलेले बोट होते.

"खंडेनवमीचं आहे," काका म्हणाले. "तेल लावताना तेवढं सोडतो."

"कुंकवात चुना असतो काका. पोलादाचा रंग जाईल."

"गेलाय. त्याखाली बघ." ते खूश दिसले. "रिकामी आहे. घे हातात."

मी घेतली. नळी भिंतीकडे ठेवली, बोट चापाबाहेर ठेवले. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि प्रयोगशाळेत नव्या पोराला विचारावे तसे विचारायला सुरुवात केली. या बंदुकीत घोडा अर्ध्यावर कधी ठेवायचा? ओल्या दिवसानंतर काय करायचे? काडतुसे कुठे ठेवायची? मी उत्तरे दिली.

"आणि कुणी बंदूक हातात दिली की सगळ्यात आधी काय करायचं?"

"रिकामी आहे का ते पाहायचं."

"पण मी तुला सांगितलं ना, रिकामी आहे म्हणून."

"तुम्ही सांगितलंत. मी पाहिलं नाही."

काका हसले. "पास," ते म्हणाले, आणि बंदूक परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

परीक्षा तोंडी होती आणि ती संपली होती. मी बंदूक देऊन टाकली असती, तर त्यात कुणालाही वावगे वाटले नसते. मलाही ती रिकामीच असणार असे वाटत होते. पण वर्गात आमच्या हातांना लागलेली सवय अजून ताजी होती. मी लिव्हर खाली ओढली.

पितळी काडतूस वरच्या बाजूने उडाले, माझ्या मनगटाला लागले आणि गालिच्यावर पडून पिवळ्या टेबलाच्या पायापाशी जाऊन थांबले.

काकू चहा घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर आल्या होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी लिव्हर पुन्हा चालवली, आत पाहिले, करंगळीने चाचपले. आणखी काही नव्हते. बंदूक उघडी ठेवूनच मी ती धोतराच्या तुकड्यावर आडवी ठेवली.

काकांनी वाकून काडतूस उचलले. ते त्यांनी उजेडात धरले, फिरवून पाहिले आणि बुडावरचा आकडाही वाचला. एखादा नमुना अपेक्षेपेक्षा कमी ताणावर तुटला की ते असेच पाहत असणार. समोर आलेले टाळता येणार नाही हे कळल्यावर माणसाचा चेहरा जसा शांत होतो, तसा त्यांचा झाला.

"हे आत कसं?" त्यांनी विचारले. प्रश्न आमच्यापैकी कुणाला नव्हता. मग ते आठवणीत मागे मागे जात राहिले. "या वर्षी मी कपाट उघडलेलं नाही. नोव्हेंबरात गेलो नाही. त्याच्या आधी... खंडेनवमी."

तेव्हा मला त्या घरातली रीत कळली. खंडेनवमीला काका रायफल पाटावर मांडत. शेजारी प्रयोगशाळेतले जुने मायक्रोमीटर, काकूंची शिवणाची कात्री आणि मुलाने टाकून दिलेला कॅल्क्युलेटर. मांडण्याआधी ते रायफलीत एकच काडतूस घालत. कारण त्यांच्या आईने त्यांना शिकवले होते की रिकामी वस्तू पूजेला मांडत नाहीत. कलश मांडायचा तर त्यात पाणी हवे, ताट मांडायचे तर त्यात दाणे हवेत. आरती झाली की ते काडतूस काढून डब्यात ठेवत आणि मग बंदूक कपाटात जाई. इतकी वर्षे न चुकता असेच झाले होते. नियमाविरुद्ध होते हे, आणि त्यांना ते माहीत होते. तासाभराचा प्रश्न, असे त्यांनी स्वतःला सांगितले असावे. गेल्या नवमीला काडतूस आत गेले आणि बाहेर आले नाही. ऑक्टोबरापासून एप्रिलपर्यंत ते तिथेच होते.

"नाताळात मुलं होती इथे," काका म्हणाले. त्यांनी पिवळ्या टेबलाकडे पाहिले नाही.

काकू खाली आल्या. चहाचा ट्रे त्यांनी वॉशिंग मशीनवर ठेवला. "कुलूप होतं," त्या म्हणाल्या. "किल्ली तुमच्या अंगावर होती. काही झालं नाही."

"कुलूप होतं. पण मला माहीत नव्हतं." ते माझ्याकडे वळले. "मी तुला काय सांगितलं होतं? रिकामी आहे म्हणालो ना मी?"

"हो काका."

"पाहिलं असेल असं वाटत होतं."

त्यांनी जानव्याची गाठ सोडायला घेतली. ती बहुधा कधीच सुटली नव्हती. सूत बदलले की किल्ली नव्या जानव्यात जुन्याच दोऱ्याने बांधली जाई. गाठ सुटेना. काकूंनी त्यांचा हात बाजूला केला, दोरा दाताने तोडला आणि किल्ली त्यांच्याच तळहातावर ठेवली. काकांनी ती मला दिली.

"आजच ने," ते म्हणाले.

काकूंना जे हवे होते ते मिळाले होते. पण ते असे मिळायला नको होते, हे त्यांच्याकडे पाहताना कळत होते. त्यांनी योजलेल्या युक्तीत काका परीक्षक होते आणि शेवटपर्यंत परीक्षकच राहणार होते.

त्या वर्षांत अशा साध्या रायफलींचीही सरकारकडे नोंद असे, आणि विकणाऱ्याने व घेणाऱ्याने फोनवरून कळवल्याशिवाय बंदूक हलवता येत नसे. काकांनी वरच्या टेबलाशी बसून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी क्रमांक विचारला. काकांनी तो कागदावरून न वाचता बंदुकीवरून वाचला, एकेका आकड्याखाली बोट ठेवत. शेवटाला पोचल्यावर त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचू द्यावा अशी विनंती केली. मग आणखी एकदा. त्या बाई म्हणाल्या, सावकाश होऊ द्या. मी माझा परवाना क्रमांक सांगितला. संमती मिळाली. मी आणलेले पैशांचे पाकीट काकांनी न उघडता काकूंकडे सरकवले.

निघताना काकूंनी दाराशी थांबवले. त्यांच्या घरून डबा कधी रिकामा परत आला नव्हता. माझ्या स्वयंपाकघरात त्यांच्या साखरेच्या, पोह्यांच्या पुड्या नेहमी असत. त्या सवयीने मूठभर तांदूळ घेऊन आल्या आणि बंदूक न्यायला मी आणलेल्या खोक्याचे झाकण उघडायला त्यांनी हात घातला. हात तसाच राहिला. मग त्यांनी ते तांदूळ माझ्या कोटाच्या खिशात ओतले.

"ही रिकामीच जाऊ दे," त्या म्हणाल्या.

पहिला फोन दोन दिवसांनी आला.

"रिकामी आहे ना?" काकांनी विचारले.

"आहे काका."

"पाहिलंस?"

मी पाहिले नव्हते, म्हणजे त्या क्षणी पाहिले नव्हते. मी तसे सांगितले, माझ्या घरच्या कपाटाचे कुलूप काढले, फोन जवळ ठेवून लिव्हर उघडली, आत पाहिले, चाचपले, बंद केली. तो आवाज पलीकडे पोचला. "हं," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर हे आठवड्यातून दोनतीनदा होऊ लागले. कधी सकाळी मी घाईत असताना, कधी वीकेंडला. मी त्याला कधी नकार दिला नाही, आणि त्याचे श्रेय माझ्या चांगुलपणाला नाही. त्या शुक्रवारी त्यांनी हात पुढे केला होता आणि मी बंदूक जवळजवळ दिली होती. त्यांना जसे ते विसरता येत नव्हते तसे मलाही येत नव्हते. फरक इतकाच की त्यांचे बाकी सगळे विसरणे चालू होते.

उन्हाळ्यात मी माझ्या तळ्यावर गेले. सात आठवडे, दोन मदतनीस, माझा तंबू, माझे निर्णय. गाळाचे नमुने हवे तसे मिळाले. एक अस्वल एकदा पहाटे स्वयंपाकाच्या जागेपर्यंत आले, भांड्यांचा आवाज केल्यावर निघून गेले. गोळी झाडावी लागली नाही. तिथे फोन लागत नसे, म्हणून मी वहीत रोज संध्याकाळी हवामान आणि पाण्याची खोली लिहिल्यावर एक ओळ जास्त लिहीत असे: बंदूक पाहिली, रिकामी. परत आल्यावर ती वही मी काकांना दाखवली. त्यांनी गाळाचे आकडे ओलांडून ती ओळ प्रत्येक पानावर वाचली. एका पानावर ती नव्हती. त्यांनी त्यावर बोट ठेवले.

"त्या दिवशी पाहिली होती," मी म्हटले. "लिहायची राहिली."

"मग माहीत नाही असं लिही," ते म्हणाले.

मी लिहिले.

पुढच्या जानेवारीत मी माँट्रियलला एका नोकरीच्या मुलाखतीला गेले आणि जवळच्या ब्रॉसार्डला मैत्रिणीकडे उतरले. आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात फोन आला. "रिकामी आहे ना?"

बंदूक सहाशे किलोमीटरवर माझ्या घरात कुलूपबंद होती. आहे म्हणणे सोपे होते आणि ते बहुधा खरेही होते.

"मी बाहेरगावी आहे काका. गुरुवारी पाहिली होती. आत्ताचं माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले. "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी मी ठरलेल्या ट्रेनने परतले. बर्फाचे बूटही न काढता मी कपाट उघडले, पाहिले, आणि मग फोन लावला. काकूंनी उचलला.

"आज नको," त्या म्हणाल्या. "सकाळपासून वेगळेच आहेत. मी बंदूक म्हटलं तर कुठली बंदूक म्हणाले." मग त्यांनी सुस्कारा सोडला. "थांब. देते तरी त्यांना."

त्यांनी फोन काकांच्या कानाला लावला असावा. मला श्वास ऐकू आला. मी काही न बोलता लिव्हर उघडली आणि बंद केली.

मग फोन पुन्हा कानाला लावला.

"कुणाची आहे?" काकांनी विचारले.

"तुमची होती. आता माझ्याकडे आहे."

"रिकामी आहे?"

"हो."

"पाहिलंस?"

"पाहिलं काका."

"परत पाहा," ते म्हणाले.

मी फोन खाली ठेवला आणि परत पाहिले.